भेटीला इंग्रजीत काय म्हणतात

पुणे, ११ ऑक्टोबर २००४

श्रीमती इंग्रिड यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र दत्तक संस्थेच्या कमरजहांताईंनी मला मराठीत करून वाचून दाखवलं. आपण सत्तावीस वर्षांच्या आहात, स्वीडनमध्ये टेलिफोनच्या एका कंपनीत इंजिनिअर आहात, डिसेंबरात दोन महिन्यांसाठी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात येणार आहात, आणि जिनं आपल्याला जन्म दिला त्या बाईला भेटायची आपली इच्छा आहे, असं त्यात लिहिलं आहे.

ती बाई मी. माझं नाव शालन.

एवढं लिहायला मला चार दिवस लागले, तेव्हा उरलेलं आता भराभर लिहून टाकते. मी कोथरूडला राहते. घरगुती डबे करते. हल्ली आमच्याकडे कॉम्प्युटरवाली मुलंमुली फार झाली आहेत, बाहेरगावची असतात, त्यांना दोन्ही वेळचं जेवण लागतं. घरात यजमान आहेत. मूल नाही. म्हणजे नंतर झालं नाही. यजमानांना आपल्याबद्दल काही ठाऊक नाही, कुणालाच नाही. जिला ठाऊक होतं ती माझी आत्या सहा वर्षांपूर्वी गेली.

आपल्याला का दिलं, असं आपण विचारलं आहे. परिस्थिती नव्हती, एवढंच उत्तर देते.

कमरजहांताई डबा लावायचाय असं सांगून आमच्या दारात आल्या. मी भाजी कुठली, पोळ्या किती असं सांगत होते, आणि त्या हळूच म्हणाल्या, "शनिवार पेठेत तुमच्या आत्या राहायच्या ना, त्यांच्या पत्त्यावरून शोधत आले." तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली. यजमानांनी आतून विचारलं, "काय जळतंय?" मी म्हटलं, "काही नाही." तेव्हापासून ते रोज विचारतात, काय झालंय तुला, आणि मी रोज काही नाही म्हणते.

म्हणून विनंती आहे की पत्र संस्थेच्याच पत्त्यावर यावं आणि घरी फोन करू नये. भेटीचं मी अजून कबूल केलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

आपली नम्र,
शालन

कमरजहांताई, पोळी जळल्याचं इंग्रजीत घालू नका. उगाच हसं होईल.


पुणे, २८ नोव्हेंबर २००४

प्रिय इंग्रिड,

तुम्ही लिहिलंत की श्रीमती म्हणू नका, आणि पोळी जळल्याचं वाचून हसू आलं. म्हणजे ताईंनी ते घातलंच. त्यांना जाब विचारला तर म्हणाल्या, "शालनताई, मी गाळत नाही. जाईल ते सगळं जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही." बाई कडक आहेत. तेव्हा आता मी जपून लिहायला हवं, नाहीतर जपणं तरी सोडायला हवं.

तुमचं मराठी शून्य, माझं स्वीडिश शून्य. आपल्या मधे इंग्रजी, आणि ती तुमचीही नाही नि माझीही नाही. पण मी ठरवलंय की भेट झालीच तर निदान भेटीपुरते शब्द यायला पाहिजेत. आमच्या पुढच्या खोलीत प्रियदर्शनी नावाची मुलगी राहते, पेइंग गेस्ट. अकोल्याची आहे, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनीची बस यायच्या आधी तिच्याकडून रोज दोन शब्द घेते नि जुन्या डायरीत लिहून ठेवते. ती विचारते, "काकू, तुम्हाले हे कायले पायजे?" मी सांगितलं, भिशीत सगळ्यांनी इंग्रजी बोलायची टूम निघालीय. तिला पटलेलं दिसत नाही, पण आमटी आवडते म्हणून शिकवते.

एका भेटीला किती शब्द आहेत हो तुमच्या इंग्रजीत. अपॉइंटमेंट डॉक्टरची घ्यायची. इंटरव्ह्यू नोकरीचा. व्हिजिट म्हणजे एक जागचा हलत नाही नि दुसरा त्याच्याकडे जातो. गेट-टुगेदरला खायला असतं. कम अक्रॉस म्हणजे ध्यानीमनी नसताना समोर येणं. एन्काउंटर मला ठाऊक होता, पेपरात येतो, त्यात पोलीस गोळ्या घालतात. प्रियदर्शनी म्हणाली, नुसती अवघड गाठ पडली तरी एन्काउंटरच. मग मी तो शब्द खोडला नाही.

संस्थेच्या फॉर्मवर मात्र रीयुनियन असं छापलंय. तिथेच माझी सही हवी आहे. प्रियदर्शनीला अर्थ विचारला, तर म्हणाली, कॉलेजचे जुने मित्र दहा वर्षांनी जमतात ना, ते. आता सांगा, मी कशी सही करू? पुन्हा भेटायचं तर आधी भेटलेलं असावं लागतं. तुम्ही माझ्याजवळ नऊ दिवस होतात. त्यातले निम्मे झोपेत गेले तुमचे.

सही केलीय. शुक्रवार सतरा डिसेंबर, सकाळी अकरा, संस्थेत. मी डबे दहाला पोचते करून येईन. यजमानांना सांगेन, स्वारगेटला मैत्रिणीला सोडायला जातेय. ही मैत्रीण कुठली हे अजून ठरायचंय.

फार भीती वाटते. हे ताईंनी घातलं तरी चालेल.

शालन


पुणे, १९ डिसेंबर २००४

प्रिय इंग्रिड,

शुक्रवारी मला अचानक ताप भरला. उठवेना. तुम्ही दीड तास वाट पाहिलीत असं ताईंकडून कळलं. माफ करा. तब्येतीपुढे इलाज नसतो.

शालन


पुणे, २३ डिसेंबर २००४

प्रिय इंग्रिड,

ताप नव्हता.

मी आले होते. पावणेअकरालाच आले. रखवालदारानं कोण हवंय विचारलं, मी म्हटलं पाणी प्यायला आलेय. व्हरांड्यातल्या बाकावर बसून पाणी प्यायले. मग तुम्ही आलात. निळा पंजाबी ड्रेस होता, ओढणी सारखी घसरत होती नि तुम्ही ती दर वेळी वैतागून खांद्यावर टाकत होतात. मला ओलांडून गेलात. माझ्याकडे बघून हसलातसुद्धा, बाकावर एक बाई बसलीय म्हणून. मग तिथल्या फळ्यावर मराठीत लसीकरणाच्या तारखा लिहिल्या होत्या, त्या तुम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघितल्यात. एक अक्षर येत नसताना. तेव्हा मला कळलं की तुम्हीही घाबरल्या आहात.

एवढं कळल्यावर कुणीही उठून जवळ गेलं असतं. मी उठले नि फाटकाबाहेर गेले. बसस्टॉपवर तीन बसा सोडल्या. चौथीत बसले. घरी आले तर यजमान म्हणाले, "गेली का मैत्रीण?" मी म्हटलं, गेली. स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले आणि कांदा चिरत असल्याचं सांगितलं. कांदा चिरलेला दिसावा म्हणून चार कांदे चिरले. त्या दिवशी सगळ्या डब्यांना कांद्याची भाजी गेली.

दुसरंही एक खोटं आहे, तेही आजच उरकते. परिस्थिती नव्हती असं मी लिहिलं होतं. परिस्थिती बरी होती. वडलांचं जुन्नरला दुकान होतं. मी एकोणीस वर्षांची होते नि टायपिंग शिकायला आत्याकडे शनिवार पेठेत राहिले होते. तो त्याच क्लासात होता. नाव सांगणार नाही, त्याचा संसार आहे. वाईट नव्हता, भित्रा होता. मीही तशीच. त्याच्या बदलीची ऑर्डर आली नि त्याला सुटल्यासारखं झालं. जुन्नरला कळवलं की शालनला कावीळ झालीय, पथ्य आहे, सहा महिने आत्याकडेच राहू दे. नवव्या दिवशी आत्यानं तुम्हाला माझ्याकडून घेतलं आणि मी दिलं. ओढून घेतलं नाही कुणी. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आता तुम्हाला भेटायचं नसेल तर तसं सांगा. मी समजेन.

शालन


पुणे, १० जानेवारी २००५

प्रिय इंग्रिड,

तुझं उत्तर ताईंनी दोनदा वाचलं. अहोजाहो सोडते, तू म्हणालीस म्हणून. तू लिहिलंस, "तुम्ही मला पाहिलंत आणि मी तुम्हाला पाहिलं नाही. हे बरोबरीचं नाही झालं." खरं आहे. रागावली असतीस तर सोपं गेलं असतं.

मी एक युक्ती काढली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे बायका हळदीकुंकू करतात. घरोघरी बोलावणी असतात. येणारीला हळदकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, एखादी लहानशी वस्तू वाण म्हणून द्यायची. त्या दिवशी घरात पन्नास बायका येतात नि जातात, कुणी कुणाच्या मैत्रिणीला घेऊन येतं, कुणी नव्या सुनेला. ही कोण असं कुणी खोलात विचारत नाही. पुरुषमाणसं आपण होऊन बाहेर जातात. माझं हळदीकुंकू तेवीस तारखेला रविवारी आहे. तू ये. संध्याकाळी सहा वाजता. प्रियदर्शनी असेल, ती बोलेल इंग्रजीतून. तिला मी सांगितलंय की तू संस्थेची पाहुणी आहेस, आपले सण बघायला आलीयस. कमरजहांताई म्हणाल्या, मी येत नाही, कोथरूडात मला संस्थेची म्हणून ओळखणाऱ्या बायका आहेत. बाईंना ही युक्ती आवडलेली नाही. त्यांनी तोंडावर सांगितलं, "लपवून बोलावताय." मी म्हटलं, बोलावतेय तर खरी.

तू विचारलंस, नवऱ्याला एवढं का घाबरता, मारतात का. छे गं. आवाजसुद्धा चढवत नाहीत. टोचून बोलतात, ते पुण्यात सगळेच बोलतात. रंगराव त्यांचं नाव. भोसरीच्या कारखान्यात होते, चार वर्षांपूर्वी कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा घरी बसले. तेव्हापासून मंडईतून भाजी आणतात, निवडून देतात, डब्यांवर नावं घालतात.

भीती वेगळीच आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, सासूबाई मला उठता बसता बोलायच्या. एक दिवस यांनी आईला सांगितलं, "दोष माझ्यात आहे, डॉक्टर म्हणाले. तिला बोलायचं नाही." हे कुठल्याही डॉक्टरकडे गेलेले नव्हते. मला वाचवायला खोटं बोलले. सासूबाई गप्प झाल्या त्या कायमच्या. हे मात्र त्या दिवसापासून भावांमध्ये मान खाली घालून बसायला लागले, आणि कधी मला बोलून दाखवलं नाही.

आणि मला ठाऊक होतं की ते खोटं नाही. माझ्यात दोष नव्हता, हे मला नऊ दिवस मांडीवर घेऊन कळलेलं होतं. वीस वर्षं तो माणूस समजतोय की त्यानं माझ्यासाठी खोटा दोष अंगावर घेतला. तुझं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं. कसं सांगू?

तू ये. साडी नेसायची गरज नाही.

शालन


पुणे, २४ जानेवारी २००५

प्रिय इंग्रिड,

काल तू चपला घालून निघालीस तेव्हा मी जिन्यापर्यंत आले होते. तू मागे वळली नाहीस.

आधी चांगलं लिहिते. तू दारात उभी राहिलीस नि मी तुझ्या कपाळाला कुंकू लावलं ते नाकापर्यंत सांडलं. तू हसलीस. मी पदरानं पुसलं. तुझ्या कपाळाला हात लावला मी, सत्तावीस वर्षांनी, आणि सगळ्या बायकांसमोर लावला, नि कुणाला काही कळलं नाही. तेवढ्यावर मी उरलेलं आयुष्य काढलं असतं. तू तिळाचा लाडू खाल्लास, दुसरा मागितलास. मग तू माझ्याशेजारी सतरंजीवर बसलीस. डायरीतले शब्द सगळे पाठ होते, एक आठवला नाही.

मग कांताबाई आल्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या. त्यांनी तुला बघितलं, मला बघितलं, परत तुला. म्हणाल्या, "शालन, ही कोण गं? हनुवटी अगदी तुझी."

नुसतं सहज म्हणाल्या. पण समोर पन्नास बायका. मी हसून म्हटलं, "छे, आमच्या प्रियदर्शनीच्या ऑफिसातली आहे. मीटिंगसाठी आलीय."

प्रियदर्शनीनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. तिला मी आधी वेगळंच सांगितलं होतं. आणि तू पाहिलंस. मला वाटलं होतं, मराठीत खोटं बोलले तर तुला कुठे कळणार आहे. पण आमच्या मराठीत आता निम्मे शब्द तुमच्याकडचे. त्या एका ओळीत तुला ऑफिस कळलं, मीटिंग कळलं. बाकी कळायला उरतं काय? तू खाली बघून ओढणी सारखी केलीस, नीट बसली होती तरी. पाच मिनिटांनी उठलीस नि मला थँक्यू म्हणालीस, परक्या घरी म्हणतात तसं.

वाण द्यायचं राहिलं. चहाची गाळणी होती. ती अजून फ्रिजवर आहे.

तू काल चांगली वागलीस. मी वागले नाही. जन्मल्यावर एकदा दिलं तुला, नि काल घरात बोलावून, हळदकुंकू लावून, परत एकदा दिलं. पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. काल सेहेचाळीस वर्षांची होते, आता कसली सबब सांगू?

काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल. ताई गाळणार नाहीत.

शालन


पुणे, ३१ जानेवारी २००५

इंग्रिड,

तुझी चिठ्ठी आली. चार ओळींची. "मी रागावले नाही. पण मी पुन्हा लपून येणार नाही. यायचं असेल तर आता तुम्ही या, आणि सांगून या. मी पाच तारखेला दुपारी एक वाजता कंपनीच्या गेस्ट हाउसमधून मुंबईला निघते." खाली औंधचा पत्ता. ताईंनी वाचून माझ्याकडे दिली.

परवा शनिवारी यांना सांगितलं.

सकाळी अकराला डबे गेले की आम्ही दोघं संध्याकाळची भाजी निवडत बसतो. मेथी होती. मी म्हटलं, "अहो, एक सांगायचंय," आणि सगळं सांगितलं. टायपिंगचा क्लास, कावीळ, नऊ दिवस, संस्था, तुझी पत्रं, स्वारगेटची मैत्रीण, हळदीकुंकू. मधे थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. हे मेथी निवडत राहिले. पानं एकीकडे, देठ एकीकडे. सगळी जुडी संपली.

मग म्हणाले, "म्हणजे आईला मी सांगितलं ते खरंच होतं तर."

तेवढंच. आवाज नेहमीचा. उठले, हात धुतले, चपला घातल्या नि गेले. संध्याकाळी आले, पण जेवले नाहीत. काल दोन्ही वेळा बाहेर जेवून आले. डबे करणाऱ्या बाईचा नवरा कोपऱ्यावरच्या हॉटेलात राइसप्लेट खातो, आणि अख्खी गल्ली बघते. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं गं. भाजी मात्र आजही आणून ठेवली. निवडली नाही.

पाच तारखेला पाच दिवस आहेत. तुझ्याकडे आले नि इथलं घर मोडलं तर? नाही आले तर तू गेलीस. तू म्हणालीस सांगून या. सांगितलं खरं, पण ज्याला सांगितलं तो बोलतच नाही.

तुला हे दुःख द्यायला लिहीत नाही. मी प्रयत्न करतेय, एवढं कळावं म्हणून लिहितेय.

शालन


पुणे, ५ फेब्रुवारी २००५, सकाळी दहा

चिरंजीव इंग्रिड,

कमरजहांताई गावाला गेल्या आहेत, तेव्हा याचं इंग्रजी करायला कुणी नाही. तरी लिहितेय, कारण समोर आले की माझी बोबडी वळणार. निघायला अजून थोडा वेळ आहे.

मंगळवारी हे घरी जेवले. ताटावर बसले नि विचारलं, "किती दिवस होती तुझ्याजवळ?" मी म्हटलं, नऊ. पुढे काही नाही. बुधवारी विचारलं, "रडकी होती का?" मी म्हटलं, नाही, झोपाळू होती. त्यांनी ताक मागितलं. रोज एक प्रश्न, जेवताना, आणि मी दिवसभर त्या एका प्रश्नाची वाट बघत पोळ्या लाटायचे.

गुरुवारी विचारलं, "कांताबाईंना काय सांगितलंस?" मी सांगितलं, ऑफिसातली आहे, मीटिंगला आलीय म्हणून. यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "माझ्याशी वीस वर्षं गप्प बसलीस, ते आपण बघू. माझा राग गेलेला नाही, जाईल की नाही मला ठाऊक नाही. पण पोरीला घरी बोलवायचं, कुंकू लावायचं, नि तिच्यासमोर ती कुणाचीतरी ऑफिसातली म्हणायचं? परक्या पाहुण्याशी असं वागत नाही आपण." आणि ताटावरून उठले. मी तशीच बसून राहिले. लाज वाटली, आणि त्या लाजेनंच उठवलं मला.

काल सकाळी वर गेले. कांताबाई फुलपुड्या सोडत होत्या. मी दारातच सांगितलं, "हळदीकुंकवाला ती मुलगी आली होती ना, हनुवटी माझी आहे म्हणालात. माझीच आहे. माझी मुलगी आहे ती. लग्नाआधीची." त्यांच्या हातातली पुडी तशीच राहिली. मग म्हणाल्या, "बरं." आणि आत गेल्या. दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं असावं, कारण नळावर दोघीजणी मला बघून बोलायच्या थांबल्या. संध्याकाळी दोन डबे बंद झाले, कारण दिलं नाही. प्रियदर्शनी मात्र ऑफिसातून आली ती सरळ स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "काकू, मले आधी सांगतलं असतं तर मी काही दुसरं बोलली असती ना त्या दिवशी." आणि माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं होतं ही पोर खोली सोडून जाणार.

तुला वाटेल, आता ही बाई मोठी धीट झाली. नाही गं. तू दार उघडशील नि मी काय म्हणू? आय ॲम शालन? ते तुला ठाऊक आहे. सॉरी? त्यात मावत नाही. तू मला काय म्हणून हाक मारावीस हेही मी सांगू शकत नाही, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही. तुला आई आहे, तिनं तुला वाढवलंय, तिचा फोटो तू ताईंना दाखवलास, निळ्या टोपीतला. मला तिची जागा नको. तू म्हणशील तिथे बसेन.

यांना काल संध्याकाळी सांगितलं, उद्या मी औंधला जातेय, साडेदहाची बस धरते, डबे प्रियदर्शनी बघणार आहे, शनिवार आहे. हे पेपर वाचत होते, वाचतच राहिले. आज सकाळपासून घरात दिसले नाहीत. गेले असतील कुठेतरी, तोंड बघायला नको म्हणून. जाऊ देत. मी एकटीच येते. बस दोनदा बदलावी लागते, तरी साडेअकरा, पावणेबारापर्यंत—

खाली हे आलेत. शेजाऱ्यांची स्कूटर मागून आणलीय, लाथा मारून मारून सुरू करतायत. खिडकीतून विचारलं, "अहो, कुठे निघालात?" तर वर न बघता म्हणाले, "दोन बसा बदलत गेलीस तर पोचेपर्यंत ती स्वीडनला पोचलेली असेल." मग म्हणाले, "मी आत येणार नाही. फाटकाशी थांबेन. मला सध्या कुणाला भेटायचं नाही." मी म्हटलं, बरं.

आता परत ओरडतायत. "काय लिहीत बसलीयस? पत्र द्यायला चाललीयस का भेटायला? पत्रच द्यायचं असेल तर पोस्टात टाक, मला पेट्रोल जाळायला लावू नकोस."

हे पत्र इथेच टेबलावर ठेवते. मी निघाले.